वैद्यकीय प्रवेशापूर्वीचे उपक्रम : गुण शून्य, तरीही निवड महत्त्वाची

दहावीचा निकाल लागला, की नगर, संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव येथील शिकवणी वर्गांच्या बाहेर पालकांमध्ये एक चर्चा हमखास सुरू होते. मुलाला किंवा मुलीला डॉक्टर करायचे आहे. मग अभ्यासाखेरीज आणखी काय करून घ्यावे? कोणी एनसीसीचे नाव घेतो, कोणी चित्रकलेच्या परीक्षांचे. कोणाच्या नात्यातला मुलगा अमेरिकेत असतो आणि त्याने रुग्णालयात केलेल्या सेवेचे तास मोजून अर्जात लिहिलेले असतात. त्यातून प्रमाणपत्रे जमविण्याची घाई सुरू होते. ही घाई बहुतेक वेळा चुकीच्या समजुतीवर उभी असते. महाराष्ट्रात एमबीबीएसच्या प्रवेशासाठी अभ्यासेतर उपक्रमांना एकही गुण मिळत नाही. तरीसुद्धा उपक्रमांची निवड गांभीर्याने करावी, याला सबळ कारणे आहेत. ती प्रवेश अर्जाशी संबंधित नाहीत, एवढेच.

प्रथम नियम समजून घेणे आवश्यक आहे. राज्यातील शासकीय, महापालिका व खासगी वैद्यकीय महाविद्यालयांतील प्रवेश 'नीट' या राष्ट्रीय पात्रता व प्रवेश परीक्षेच्या आधारे होतात. परीक्षा ७२० गुणांची असते. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तरासाठी एक गुण वजा होतो. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र या विषयांत मिळून खुल्या प्रवर्गासाठी ५० टक्के आणि राखीव प्रवर्गासाठी ४० टक्के गुण लागतात. पण ही केवळ पात्रता असते. गुणवत्ता यादी 'नीट'वरच ठरते. दोघांचे गुण समान झाले, तर प्रथम जीवशास्त्राचे गुण पाहिले जातात. कोण किती शिबिरांना गेला हे पाहिले जात नाही. शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून व उर्वरित राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत भरल्या जातात. दोन्ही ठिकाणी हाच न्याय लागू आहे. बीएएमएस व बीएचएमएस अभ्यासक्रमांचीही स्थिती वेगळी नाही.

पालकांचा गोंधळ होतो तो सवलतीच्या गुणांमुळे. दहावीला चित्रकला, लोककला, एनसीसी, स्काउट-गाइड यांसाठी आणि दहावी-बारावीला क्रीडा प्रावीण्यासाठी मंडळाकडून वाढीव गुण मिळतात. अकरावीच्या प्रवेशात त्यांचा उपयोग होतो. परंतु ते गुण बारावीच्या पुढे विद्यार्थ्यासोबत जात नाहीत. एकदा 'नीट'च्या यादीत नाव आले, की इंटरमिजिएटची 'ए' श्रेणी आणि राज्यस्तरीय कबड्डीचे पदक यांचे मोल तेथे सारखेच, म्हणजे शून्य.

याला पुण्यात एक अपवाद आहे. १९४८ साली स्थापन झालेल्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे एएफएमसीमध्ये, 'नीट'च्या गुणांवर उमेदवारांची प्राथमिक निवड होते. त्यानंतर इंग्रजी आकलन व तर्कशक्तीची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी अशा पायऱ्या असतात. या मुलाखतीत एनसीसीचा छात्र, संघाचा कर्णधार किंवा गावात काही काम केलेला विद्यार्थी यांना बोलण्यासारखे काही असते. तथापि, पाठ केलेली उत्तरे अनुभवी मुलाखतकाराला दोन प्रश्नांत कळतात, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरे उदाहरण आता इतिहासजमा झाले आहे, पण ते उद्‌बोधक आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सेवाग्राम येथे सुरू केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या प्रवेश परीक्षेत, 'नीट' येण्यापूर्वी, गांधीविचारावर स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे. विद्यार्थी कोणत्या वृत्तीने या व्यवसायात येत आहे, याची चाचपणी करण्याचा तो प्रयत्न होता. देशभर एकच परीक्षा आल्यावर ही प्रश्नपत्रिका गेली. एका सामाईक परीक्षेमुळे अनेक ठिकाणी अर्ज भरण्याचा, प्रवासाचा आणि खासगी संस्थांतील मनमानीचा त्रास कमी झाला, ही मोठी सोय. पण उमेदवाराला 'तुला डॉक्टर का व्हायचे आहे?' असे विचारणारे कोणी उरले नाही, हा तिचा दुसरा परिणाम. आता तो प्रश्न विद्यार्थ्याने स्वतःलाच विचारायचा आहे; आणि उपक्रमांची खरी गरज येथूनच सुरू होते.

साडेचार वर्षांचे शिक्षण आणि एक वर्षाची आंतरवासिता असा साडेपाच वर्षांचा हा अभ्यासक्रम. शासकीय महाविद्यालयातून उत्तीर्ण झाल्यावर एक वर्ष शासकीय सेवा द्यावी लागते. न दिल्यास दहा लाख रुपयांचा बंधपत्राचा दंड भरावा लागतो. खासगी महाविद्यालयाचे शुल्क भरण्यासाठी शेत गहाण टाकणारी कुटुंबे जिल्ह्यात कमी नाहीत. इतके सारे पणाला लावल्यावर दुसऱ्या वर्षी, रुग्णालयातील खाटेजवळ उभे असताना, 'आपल्याला आजारी माणसाजवळ थांबताच येत नाही' असा साक्षात्कार झाला तर परतीची वाट फार महाग असते. वास्तविक हे पारखून पाहण्यासाठी सोळाव्या-सतराव्या वर्षी काही दिवस पुरेसे असतात.

जामखेडचा धडा

या बाबतीत नगर जिल्हा (२०२४ पासून अधिकृतपणे अहिल्यानगर) भाग्यवान आहे. आरोग्याचे काम रुग्णालयाच्या भिंतीबाहेर कसे होते, हे जगाला दाखविणारा प्रकल्प याच जिल्ह्यात उभा राहिला. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे पदवीधर. जिल्ह्यातील वडाळा येथील मिशनच्या रुग्णालयात काम करताना एक गोष्ट त्यांना अस्वस्थ करीत राहिली. बरे होऊन घरी गेलेले रुग्ण त्याच आजाराने परत येत होते. अस्वच्छ पाणी, कुपोषण, बाळंतपणातील हेळसांड यांतून उद्भवणाऱ्या आजारांवर रुग्णालय हा उपाय नव्हता. पुढे अमेरिकेत प्रशिक्षण घेऊन, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण पूर्ण करून हे दांपत्य १९७० मध्ये जामखेडला आले आणि समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू झाला.

त्यांच्या कामाची सुरुवात औषधांपेक्षा गप्पांनी आणि खेळाने झाली. सायंकाळी गावात जाऊन तरुणांबरोबर व्हॉलीबॉल खेळायचा. खेळायला आणि पाहायला जाती-जातींचे लोक जमले, की बोलायचे. लोकांना प्रथम आरोग्य नको होते, पाणी आणि अन्न हवे होते. १९७२ च्या दुष्काळाचे ते दिवस. विंधन विहिरींची जागा ठरविताना त्या दलित वस्तीत घेतल्या गेल्या. पाण्यासाठी साऱ्या गावाला तेथे यावे लागले. गावात राहायला परिचारिका तयार होईनात आणि आल्या तरी गावाला परक्या वाटत, म्हणून गावांनीच आपल्यातील एकेक स्त्री निवडली. यांपैकी बहुतेक निरक्षर होत्या, अनेकजणी दलित होत्या. प्रशिक्षणासाठी जामखेडला मुक्कामी आल्यावर त्यांना वेगवेगळ्या पांघरुणांऐवजी एकच मोठे पांघरूण दिले जाई. विटाळाचा प्रश्न असा, व्याख्यानाशिवाय, निकालात निघाला.

या स्त्रियांनी बाळांची वजने केली, गरोदर मातांना तपासले, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी देण्यास आयांना शिकविले. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये या भागात हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत. १९९० च्या दशकात हे प्रमाण तीसच्या खाली आले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, लोकसहभागातून आरोग्य या विषयावरील ग्रंथात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण होते. त्यानंतर तीन वर्षांनी, १९७८ मध्ये, आल्मा-आटा येथे प्राथमिक आरोग्य सेवेचा जाहीरनामा झाला. आरोळे दांपत्याला १९७९ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार आणि डॉ. रजनीकांत यांना १९९० मध्ये पद्मभूषण मिळाले. मेबल यांचे १९९९ मध्ये व रजनीकांत यांचे २०११ मध्ये निधन झाले. जामखेडला प्रशिक्षण संस्था उभी राहिली आणि परदेशांतील वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी तेथे शिकण्यासाठी येत राहिले. त्या मानाने नगरच्याच अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना जामखेडची ओळख असते ती बहुधा बीडच्या वाटेवरचा तालुका म्हणून.

१९८८ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत जामखेडच्या आरोग्यसेविका मुक्ताबाई पोळ बोलल्या होत्या. सभागृहातील झगमगते दिवे महाग असतात, हाताला येत नाहीत. आपल्याजवळच्या साध्या वातीच्या दिव्याने मात्र दुसरा दिवा पेटविता येतो, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. परिषदेला आलेले तज्ज्ञ ज्या विषयाचा अभ्यास करीत होते, तो विषय मुक्ताबाई घराघरांत जाऊन शिकल्या होत्या.

उपक्रम निवडताना यातून काय घ्यायचे? जामखेडच्या स्त्रिया एकाच गावात, त्याच घरांत, वर्षानुवर्षे जात राहिल्या. बाळाचे वजन मागील महिन्यात किती होते, हे त्यांना ठाऊक असे आणि त्यामुळेच या महिन्यातील आकड्याला अर्थ प्राप्त होई. अकरावीच्या विद्यार्थ्याकडे वर्षे नसतात. पण दहा ठिकाणी एकेक दिवस जाण्याऐवजी एकाच ठिकाणी दहा वेळा जाणे त्याच्या हाती असते. पहिल्या भेटीत माणसे पाहुण्याशी बोलावे तसे बोलतात. अडचण कळते ती चौथ्या-पाचव्या भेटीत.

जवळचे आणि साधे

सुरुवात घराजवळच्या उपकेंद्रापासून करता येते. सपाट भागात साधारणतः पाच हजार लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र आणि तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते. गावोगावी अंगणवाडीत महिन्यातून एकदा ग्राम आरोग्य व पोषण दिवस होतो. लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, मुलांची वजन-उंची एकाच ठिकाणी पाहायला मिळते. वैद्यकीय अधिकाऱ्याच्या परवानगीने विद्यार्थ्याला तेथे नोंदवहीत नावे लिहिणे, वजनकाट्यापाशी मुलांना रांगेत उभे करणे, लस चुकलेल्या घरी आशा कार्यकर्तीबरोबर जाणे अशी कामे देता येतात. आशांच्या मागे दुपारभर फिरलेला विद्यार्थी आरोग्य व्यवस्थेविषयी जितके शिकतो, तितके एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या एका दिवसाच्या सहलीत शिकणे कठीण. पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर मदतनीस लागतातच. भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त घोषित झाला तरी ही मोहीम का थांबत नाही, हा प्रश्न तेथे सहज सुचतो आणि त्याचे उत्तर शोधणे हाही अभ्यासच आहे.

जिल्ह्याचे वेगळेपण आहे ते उसाच्या हंगामात. सहकारी साखर कारखानदारीची ही भूमी. प्रवरानगरचा कारखाना १९५० मधला. दिवाळीच्या सुमारास पाथर्डी, जामखेड या तालुक्यांतून, तसेच शेजारच्या बीडमधून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या राहुरी, नेवासे, श्रीरामपूर, कोपरगाव, संगमनेर भागांत येतात. कारखान्याच्या परिसरात आणि फडाजवळ कोप्या उभ्या राहतात. पहाटे तोडीला गेलेल्या आईबरोबर तान्हे मूल फडात असते. मोठ्या भावंडाची शाळा सुटलेली असते. स्थलांतरामुळे बाळाचा लसीचा डोस चुकतो, गरोदर स्त्रीची तपासणी अर्धवट राहते, आधीच्या गावातील कागद नव्या गावात कोणी पाहत नाही. अशा एका अड्ड्यावर दिवाळीच्या सुटीत दर दोन दिवसांनी जाऊन मुलांना वाचायला शिकविणे, कोणाच्या लसीकरणाच्या कार्डावर काय राहिले आहे याची यादी करून ती उपकेंद्रात देणे, हा अकरावीच्या चार-पाच मित्रमैत्रिणींना झेपणारा उपक्रम आहे. मुकादमाशी आणि कारखान्याशी आधी शिक्षकांनी बोलावे. मुलामुलींनी थेट जाऊ नये. या कामाचे प्रमाणपत्र बहुधा कोणी देणार नाही. उपकेंद्राला यादी मात्र उपयोगी पडेल.

ज्येष्ठ-आषाढात संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून पंढरपूरकडे जाताना नगर जिल्ह्यातून जाते. वाटेवर डॉक्टर आणि संस्था वारकऱ्यांसाठी उपचार केंद्रे चालवितात. सुजलेले पाय, फोड, उलट्या-जुलाब, रक्तदाबाच्या घरी विसरलेल्या गोळ्या, असे तेथील रुग्ण असतात. पाणी देणे, जलसंजीवनीची पाकिटे वाटणे, नावे लिहिणे, वृद्धाला तपासणीपर्यंत हात धरून नेणे, एवढे काम विद्यार्थ्याला करता येते. सत्तरीतला वारकरी 'काय दुखतंय?' या प्रश्नाला लगेच उत्तर देत नाही. आधी गाव सांगतो, दिंडी सांगतो, मग गुडघा. ऐकून घेण्याची ही सवय पुस्तकातून लागणे अवघड.

नगर शहर व परिसरात दीर्घकाळ काम करणाऱ्या संस्थाही आहेत. गिरीश कुलकर्णी यांनी १९८९ मध्ये सुरू केलेली स्नेहालय ही संस्था देहविक्रयात अडकलेल्या स्त्रिया, त्यांची मुले आणि एचआयव्हीबाधित यांच्यासाठी काम करते. डॉ. राजेंद्र धामणे व डॉ. सुचेता धामणे यांचे माउली सेवा प्रतिष्ठान रस्त्यावर बेवारस फिरणाऱ्या मनोरुग्ण स्त्रियांना आसरा देते. अशा ठिकाणी जाण्यापूर्वी पालकांनी मुलाच्या मनाची तयारी पाहावी. येथील माणसे फार सोसून आलेली असतात. ती कोणाच्या अनुभवासाठी तेथे राहत नाहीत. संस्थेने सांगितले तेवढेच काम करावे. बहुतेक वेळा ते स्वयंपाकघरात भाजी निवडण्याचे, मुलांचा अभ्यास घेण्याचे किंवा ग्रंथालय लावण्याचे असते. 'आम्हाला रुग्ण पाहायचे होते, भाजी निवडायला लावली' अशी तक्रार घेऊन घरी येणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या निवडीचा फेरविचार करावा हे बरे.

कनिष्ठ महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे एकक असेल तर त्याचा लाभ घ्यावा. १९६९ पासून चालणाऱ्या या योजनेत दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर अपेक्षित असते. अनेक ठिकाणी ते झाडू मारतानाच्या छायाचित्रापुरते उरते, हे खरे. परंतु कार्यक्रम अधिकाऱ्याकडे चार विद्यार्थी नेमका प्रस्ताव घेऊन गेले, की एरवी निरुत्साही वाटणारे एककही हलते, असा अनेक महाविद्यालयांतील अनुभव आहे. क्षयरुग्णांना पोषण आहार पुरविण्यासाठी २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'नि-क्षय मित्र' योजनेत गटाने सहभागी होता येते. रक्तदान १८ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय करता येत नाही. पण शिबिराची जागा, नोंदणी, दात्यांचा अल्पोपाहार ही कामे सोळा वर्षांच्या मुलाने केली तर कोणाची हरकत नसते. हृदय बंद पडल्यास छातीवर दाब देण्याचे आणि सर्पदंशानंतरच्या प्रथमोपचाराचे प्रशिक्षण मात्र प्रत्येकानेच घ्यावे. साप चावलेल्या जागी चिरा देऊ नयेत, घट्ट बांधू नये, देवाला नेऊ नये, तडक प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात न्यावे, इतके चार गावांत नीट सांगितले तरी एखादा जीव वाचू शकतो.

पांढरा कोट घालण्याची घाई

काही गोष्टी कटाक्षाने टाळायला हव्यात. नात्यातील डॉक्टरांच्या दवाखान्यात बसून इंजेक्शन देणे, टाके घालताना हात लावणे, शस्त्रक्रियागृहात उभे राहून छायाचित्र काढणे, यांस अनुभव म्हणता येत नाही. ते बेकायदा आणि रुग्णाच्या दृष्टीने धोकादायक आहे. रुग्णाचा चेहरा, नाव, आजार समाजमाध्यमावर टाकणे हा विश्वासघात आहे, मग हेतू कितीही चांगला असो. दवाखान्यात बसायचेच असेल, तर रुग्णाला विचारून, कोपऱ्यात, वही घेऊन बसावे. शुल्क घेऊन आठवड्याची 'क्लिनिकल इंटर्नशिप' आणि चकचकीत प्रमाणपत्र देणाऱ्या जाहिरातींचाही सुळसुळाट झाला आहे. परदेशी प्रवेशाचे नाव काढून त्या विकल्या जातात. भारतातील प्रवेशासाठी त्यांचा उपयोग नाही, हे वर आलेच आहे.

उपक्रम वैद्यकीयच असावा, असेही नाही. महाराष्ट्रात या गोष्टीचे दाखले शोधायला दूर जावे लागत नाही. डॉ. श्रीराम लागू हे कान-नाक-घसा तज्ज्ञ, डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. तिघेही पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी आणि तिघांचेही नाटक वैद्यकीय शिक्षणाबरोबरीने चालले. १९७२ च्या 'घाशीराम कोतवाल'चे दिग्दर्शन डॉ. पटेल यांनी केले आणि नाना फडणवीसांची भूमिका डॉ. आगाशे यांनी. नगरमध्ये एकांकिका स्पर्धांची परंपरा चांगली आहे. तालमीत दुसऱ्याच्या बोलण्याकडे लक्ष द्यावे लागते, ठरल्या वेळी हजर राहावे लागते, पडद्यामागचे कामही करावे लागते. कबड्डी-खोखोच्या मैदानावर हरण्याची सवय होते. ७२० पैकी अपेक्षेपेक्षा शंभर गुण कमी पडलेल्या मुलाला ती फार उपयोगी पडते. ज्याला तबल्याची गोडी आहे त्याचा तबला अकरावीत बंद करून त्याला आरोग्य शिबिराला पाठविणे, यात शहाणपण नाही.

निरीक्षणाची वही हा आणखी एक उपक्रम, तोही फुकटचा. विंचूदंशावरील उपचारांसाठी जगभर ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे संशोधन कोकणातील प्राथमिक आरोग्य केंद्रात, रुग्णाशेजारी बसून केलेल्या बारकाईच्या नोंदींतून उभे राहिले. विद्यार्थ्याने रोग ओळखण्याचा प्रयत्न करू नये. काय पाहिले, कोण काय म्हणाले, स्वतःला कशाची भीती वाटली, कोठे कंटाळा आला, हे तारखेसह लिहावे. कंटाळा लपवू नये. नोंदवहीतील नावे लिहून कंटाळा आला आणि आजारी माणसाशी बोलताना वेळ कसा गेला कळले नाही, तर ते एक उत्तर आहे. उलट झाले, तर तेही उत्तरच आहे आणि ते वेळेवर मिळालेले आहे.

वेळ कोठून आणायचा?

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना वेळ नसतो, ही पालकांची तक्रार रास्त आहे. सकाळी सहाला घर सोडून शिकवणी, महाविद्यालय, पुन्हा शिकवणी, रविवारी चाचणी असा क्रम असलेल्या मुलावर सेवेचे ओझे टाकणे अन्यायाचे ठरेल. बारावीच्या वर्षात नवा उपक्रम घेऊ नये, हेच योग्य. पण वेळापत्रकात दोन मोठ्या मोकळ्या जागा आहेत आणि त्या सहसा वाया जातात. पहिली, मार्चमध्ये दहावीची परीक्षा संपल्यापासून अकरावीचे वर्ग भरेपर्यंतची. अनेक घरांत या काळात 'फाउंडेशन'चा वर्ग लावला जातो. त्यातून आठवड्याचे दोन दिवस वाचविणे अशक्य नाही. दुसरी, 'नीट'नंतरची. ही परीक्षा सामान्यतः मे महिन्याच्या पहिल्या रविवारी होते, निकाल जूनमध्ये लागतो आणि प्रवेशफेऱ्या होऊन प्रत्यक्ष वर्ग भरेपर्यंत पावसाळा सरत येतो. तीन-चार महिन्यांचा हा काळ अनेकजण मोबाइलवर अपेक्षित गुणांचे तर्क करण्यात घालवितात.

आनंदवनच्या परिवारातील सोमनाथ येथे, चंद्रपूर जिल्ह्यात, बाबा आमटे यांनी सुरू केलेले श्रमसंस्कार शिबिर मे महिन्याच्या मध्यावर भरते. 'नीट'नंतर ते नेमके गाठता येते. वयाची अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या पुढाकाराने २००६ मध्ये सुरू झालेला गडचिरोलीचा 'निर्माण' उपक्रम आहे. त्यात वैद्यकीय विद्यार्थ्यांची संख्या लक्षणीय असते. पुन्हा परीक्षा देणाऱ्यांनी, म्हणजे रिपीटर विद्यार्थ्यांनी तर जून महिना असा घालवावाच. डॉक्टर होण्याचा हट्ट आपला की घराचा, हे आणखी एक वर्ष खर्ची घालण्याआधी कळलेले बरे.

प्रवेश मिळाल्यानंतरही हा अनुभव वाया जात नाही. २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित एमबीबीएस अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आहे. पुढे कुटुंब दत्तक उपक्रमही आला. त्यात विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून काही ग्रामीण कुटुंबांच्या आरोग्याचा पाठपुरावा करायचा असतो. म्हणजे जे जामखेडला १९७० पासून चालले, त्याची छोटी आवृत्ती आता देशभरच्या विद्यार्थ्यांसाठी सक्तीची झाली आहे. लोणीचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९८४ पासून आणि नगरजवळ विळद घाटातील महाविद्यालयही आता या अभ्यासक्रमाखाली आहेत. अनोळखी घराच्या ओट्यावर बसून बोलणे ज्याने आधी केले आहे, त्याला पहिल्या भेटीत घाम फुटत नाही.

परदेशातील मराठी कुटुंबांचा प्रश्न निराळा. अमेरिकेत वैद्यकीय प्रवेश पदवीनंतर होतो आणि तेथील सामाईक अर्जात उमेदवाराला आपल्या अनुभवांच्या १५ पर्यंत नोंदी करता येतात. त्यांतील तीन सर्वांत अर्थपूर्ण कोणत्या, हे वेगळे सांगावे लागते. तेथे पंधरा जागा भरण्याच्या नादात उन्हाळ्यात भारतात दोन आठवड्यांची 'सेवा' करून जाणारी मुले असतात. आजी-आजोबांचे गाव नगर जिल्ह्यात असेल, तर दोन आठवड्यांत दहा संस्था दाखविण्याऐवजी त्याच गावातील आशा कार्यकर्तीबरोबर दोन आठवडे घालविणे अधिक फलदायी. मराठी बोलता येणे ही त्या मुलांची सर्वांत मोठी पात्रता ठरते. ती सुटीपूर्वी वाढवावी. इकडून एमबीबीएससाठी रशिया, जॉर्जिया आदी देशांत जाणाऱ्यांना मात्र उपक्रमांची यादी सहसा लागत नाही. त्यांना 'नीट' पात्रता आवश्यक आहे.

काम सुरू करण्याची पद्धत साधी आहे. महाविद्यालयाच्या प्राचार्यांचे पत्र, पालकांचे संमतिपत्र आणि एका पानाचा अर्ज घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला किंवा संस्थेच्या प्रमुखांना भेटावे. किती दिवस, आठवड्यातून कोणत्या वारी, किती वाजता येणार, हे अर्जात स्पष्ट लिहावे आणि झेपेल तेवढेच लिहावे. मुलींच्या येण्या-जाण्याची व्यवस्था आधी ठरवावी. लसीकरणाच्या दिवशी अधिकाऱ्याला बोलायला उसंत नसते, त्यामुळे भेटीसाठी दुसरा वार निवडावा. पहिल्या नकारानंतर पंधरा दिवसांनी पुन्हा जाण्यास हरकत नाही.